रिकाम्या वळणावरचा ब्रेक

वळणावर इलेक्ट्रिक गाडीने आपणहून करकचून ब्रेक लावला. रस्ता रिकामा होता, तरी स्क्रीनवर माणसाची आकृती होती.

“बघितलंत? रोज इथेच थांबते. मागून ट्रक आला तर मी मेलेच!” रेवती म्हणाली.

सर्व्हिस सेंटरचे तांडेल उतरून गाडीसमोर उभे राहिले. स्क्रीनवर आता दोन आकृत्या होत्या.

“काका, मागे व्हा!” ती ओरडली.

“मॅडम, कुणी नाही हो इथे.” तिची भीती घालवायला ते हसत रिकाम्या जागेकडे वळले. “काय पाहुणे, रोज अडवता? चला, बसा. गावापर्यंत सोडतो.”

ते परत येऊन पुढे रेवतीच्या शेजारी बसले, तेव्हा स्क्रीन कोरी होती. गाडी न थांबता वळण पार करून गेली.

“झालं ना काम?”

रेवतीने सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात स्क्रीनवर अक्षरं उमटली: मागच्या प्रवाशाने बेल्ट लावलेला नाही.