नीलपरी

"बाटली इथंच ठेवावी लागंल, अम्मा. आठ रोज," अत्तरवाले चाचा म्हणाले. चतुराबाईची मूठ काही सुटेना. राजूरहून सकाळच्या एस्टीनं ती जुन्या जालन्यात ह्याच कामासाठी आली होती, आणि आता ऐन वेळी तिच्याच्यानं देववत नव्हतं.

मुठीत निळ्या काचेची बाटली होती. 'नीलपरी' नावाचं बायकांचं सेंट. तिची एकुलती एक लेक संध्या शाळेत बाई म्हणून लागली, तेव्हा पहिल्या पगारात तिनं ते घेतलं, आणि मरेपर्यंत दुसरं अंगाला लावलं नाही. संध्याला जाऊन अकरा वर्षं झाली. कंपनीनं ते सेंट काढायचं त्याच्याही आधीच बंद केलं होतं. बाटलीत आता टिपूस नव्हता. पण झाकण काढलं, की क्षणभर संध्या घरात यायची. म्हणून म्हातारी वर्षातून एकदाच, लेकीच्या तिथीला, घरात एकटी असताना, झाकण काढायची आणि लगेच लावायची.

संध्या गेली तेव्हा तिची पोर प्रिया दोन वर्षांची होती. बाप पुण्याला कामाला, म्हणून नात आजीजवळच वाढली. मागच्या महिन्यात ती म्हणाली, "आजी, फोटोत आई दिसती. पण तिनं जवळ घेतल्यावर कसं वाटायचं, ते मला आठवतच न्हाई." म्हातारीनं बाटली तिथल्या तिथं पोरीच्या नाकाशी धरायची, संपलं असतं. पण नाही. हिला वाटलं, हुबेहूब तसंच सेंट बनवून घेऊन वाढदिवसाला भरलेली बाटली द्यावी. माया म्हणा, नाहीतर हाव म्हणा.

चाचांनी झाकण काढलं, डोळे मिटले. "मोगरा हाय. चंदन हाय. अजून एक काहीतरी हाय, ते ध्यानात येऊन न्हाई राह्यलं. कोशिश करतो, अम्मा. वादा न्हाई."

"जपून ठेवा, चाचा. लेक हाय माझी त्यात," असं म्हणून तिनं बाटली सोडली.

नवव्या दिवशी प्रियाचा वाढदिवस. चतुराबाई सकाळीच दुकानात हजर. चाचा माल आणायला हैदराबादला गेले होते. गल्ल्यावर त्यांची घरवाली बसली होती.

"न्हाई जमलं त्यांना," चाची कळवळून म्हणाली. "दहा वेळा बनवलं. जाताना माफी मागून गेल्ते तुमची."

"असू द्या, माय. माझी बाटली तेवढी द्या." चतुराबाईला फारसं वाईटही वाटलं नाही. नवं मिळालं नाही तर नाही, जुनं तर होतं.

चाचीनं बाटली पुढं केली. लख्ख. गळ्यापर्यंत भरलेली.

"अस्सल गुलाब हाय. कुणाचं भांडं रिकामं वापस देऊ नये, आपल्या बायकांना काय सांगायचं? पैसे बिलकुल न्हाई घेणार मी." आणि मोठ्या कौतुकानं पुढं म्हणाली, "लई जुनाट वास धरला होता, अम्मा. कढत पाण्यानं तीनदा धुतली, तवा कुठं गेला."

वाईट हेतूनं केलं असतं तर भांडता आलं असतं. चतुराबाई म्हणाली, "लई उपकार झाले," आणि बोळातून बाहेर पडली.

एस्टीत तिनं झाकण काढलं. गुलाब. लग्नाच्या मांडवात हातावर लावतात, तो. तिनं डोळे मिटून नीलपरी आठवायचा प्रयत्न केला. मोगरा होता, चंदन होतं, पुढं काही येईना. पुन्हा वास घेतला, पुन्हा गुलाबच. आपण लेकीला दुसऱ्यांदा पोचवून आलो, ह्या बारीला आपल्या हातानं, असं तिच्या मनात आलं आणि तिला रडू आवरेना. शेजारची बाई विचारत राहिली, काय झालं, काय झालं. तेल गेलं, तूप गेलं.

प्रिया शाळेतून येऊन उंबऱ्यावरच बसली होती. नवा ड्रेस घातला होता. आजी आईचं सेंट आणायला गेलीय, हे तिला ठाऊक होतं. आजी तोंड उघडणार तोच तिनं पिशवीतून बाटली काढून घेतली.

"हीच ना आईची?"

"प्रिया, ऐक बाळा—"

पोरीनं झाकण काढलं. बाटली नाकाशी धरली. डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, आणि ती हसली.

"आठवली, आजी. मला आई आठवली. अशीच होती ना ती?"

चतुराबाईनं तिला पोटाशी धरलं.

"व्हय माय," ती म्हणाली. "बराबर अशीच."