कोणता गावनी?

"खुर्ची घे. उभ्याने सांगायचं नाही," सरलाबाई हळूच म्हणाल्या आणि स्वतः मागे थांबल्या.

निरूपा खुर्ची ओढून म्हातारीसमोर बसली. नर्स म्हणून सुरतेच्या या इस्पितळात तिचा पहिलाच महिना. नव्या नर्सना शिकवून तयार करायचं काम सरलाबाईंचं. घरच्यांना मरणाची बातमी कशी द्यायची, तेही त्यांनी वर्गात शिकवलं होतं. पण ते वर्गात बसून येत नाही, एकदा तोंडाने सांगावंच लागतं. म्हणून आज त्यांनी तिला पुढे केलं होतं.

बाकावरची म्हातारी, सखुबाई, धुळ्याकडून आली होती. बमरोलीला लूमवर काम करणारा तिचा मुलगा भटू काविळीने पडलाय, एवढाच निरोप तिला मिळाला होता. ती पोचायच्या आधीच, पहाटे, तो गेला होता.

"माजी," निरूपा म्हणाली, "तमारो दीकरो हवे नथी रह्यो."

सरलाबाईंच्या कपाळावर आठी पडली. 'आता राहिला नाही' असल्या शब्दांआड लपू नका, मेला तर मेला म्हणा, हे त्या परत परत बजावत.

सखुबाईने मान डोलावली. "आठे नही? मंग कोठे लई गयात त्याले?" मांडीवरच्या फडक्याची गाठ ती सोडू लागली. "भाकर चाली का वं त्याले? मऊ शे."

निरूपाला तिची अहिराणी बोली कळली नाही, पण भाकर दिसली. तिचे डोळे भरून आले. तिने वळून सरलाबाईंकडे पाहिलं.

इस्पितळात त्या सगळ्यांच्या सरलाबेन होत्या. गुजराती इतकी सफाईदार, की गाव कुठलं हे कधी कुणी विचारलंच नाही. अहिराणी त्या फक्त आईशी बोलायच्या. आई गेल्यापासून तीही सुटली होती.

त्यांनी निरूपाला उठवलं, स्वतः खुर्चीत बसल्या आणि सखुबाईचा हात हातात घेतला.

"माय, आयक..."

म्हातारीचा चेहरा एकदम उजळला. "आपली शे का तू? कोणता गावनी?"

"बोरकुंडनी."

"आमनं शेजारनंच गाव! देव पावना वं माय. हाई पोरगीनं काहीच समजे ना, मन्हा जीव उडी गयथा. आते तू शे. आते काय भेव नही."

तिने दुसऱ्या हातानेही सरलाबाईंचा हात घट्ट धरला.

सरलाबाई आडवळण न घेता, तिच्याच बोलीत म्हणाल्या, "माय, भटू मरी गया."

सखुबाईने त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने आपले दोन्ही हात हळूच काढून घेतले.