मोकळ्या पट्टीतला कट्टा

“भूकंप पाच मिनिटांवर आलाय. हादऱ्यात कोसळू नये म्हणून मला पायावरून सरकावं लागेल, डावीकडची पट्टी मोकळी करा,” इमारत तिसऱ्यांदा म्हणाली.

त्याच पट्टीत ओवीच्या बाबांनी सोसायटीतल्या आजोबामंडळींसाठी हौसेने कट्टा बांधला होता. आता बापलेक त्यावर जीव खाऊन घण घालत होते, कारण लिफ्ट बंद होती आणि आठव्या मजल्यावर आई अंथरुणाला खिळलेली होती.

“बाबा, साधा टवकाही उडत नाहीये. घातलंय काय यात?”

“सगळं नियमानं केलंय गं,” बाबा रडकुंडीला आले. “प्रत्येक जोडाला दुप्पट सळई. भूकंपात कट्टा पडायला नको म्हणून.”

ओवीने घण खाली ठेवला.

“मी वर आईजवळ जाते. तुम्ही घण थांबवू नका. आवाज येतोय तोवर तिला वाटेल, जमतंय.”