न्हाव्याची दाढी

सकाळी पावणेआठला न्हाव्याला वस्तरा लागला. डाव्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर. वस्तरा त्याच्या बायकोच्या हातात होता.

"बोललात," ती म्हणाली.

"अगं, कातडी जरा ताण, एवढंच सांगत होतो."

"तेच ते. गाल हलला."

फेसातून आधी लाल ठिपका वर आला, मग त्याची रेघ झाली आणि मानेभोवतीच्या टॉवेलपर्यंत उतरली. तिने वस्तरा मिटून बाजूला ठेवला, तुरटीचा खडा पाण्यात बुडवला आणि जखमेवर दाबून धरला. हात स्थिर होता.

दुकानाचं शटर अर्धंच वर होतं. दोन महिने तसंच होतं. न्हाव्याचा उजवा हात थरथरायला लागला आणि कप बशीत वाजू लागला, तेव्हा त्याने आपणहून वस्तरा खाली ठेवला. बाहेर सांगितलं, मनगट मुरगळलंय. गिऱ्हाइकांनी काही दिवस चौकशी केली, मग ती कोपऱ्यावरच्या नव्या सलूनमध्ये जाऊ लागली.

वस्तऱ्याला धार लावायचं काम लग्न झाल्यापासून तिच्याकडेच होतं. चामड्याच्या पट्ट्यावर पातं किती आडवं धरायचं, हे तिला नवऱ्याइतकंच कळे. पण धार लावणं वेगळं आणि तीच धार माणसाच्या गळ्यावर चालवणं वेगळं. सुरुवातीला तिने फुगे फुगवून, त्यांना फेस लावून त्यांची दाढी केली. फुगा फुटला की शेजारचा शिंपी डोकावून विचारायचा, "वाढदिवस कुणाचा?" मग स्वतःची पोटरी झाली. मग नवऱ्याचा गाल. न्हाव्याची अट एकच होती. रक्ताचा थेंब न काढता एक दाढी पुरी कर, त्या दिवशी गिऱ्हाईक तुझं.

आज ती पुरी होत आली होती. गळ्याची घाटी सुखरूप पार पडली, वरचा ओठ झाला, हनुवटीचा खळगाही निघाला. राहिला होता तो जबड्याचा कोपरा, आणि तिथे न्हाव्याला राहवलं नाही. आयुष्यभर खुर्चीमागे उभं राहून बडबड त्याने करायची आणि खुर्चीतल्याने गप्प बसायचं, असाच रिवाज होता. खुर्चीतलं काम त्याला कधी शिकावंच लागलं नव्हतं.

"तुमच्या तोंडाला कुलूप लावलं, तर तुम्ही आतून कडी काढाल," ती म्हणाली.

"बरं बाई, चूक माझी. पण रक्त ते रक्त. उद्या बघू."

"उद्या-उद्या करता करता गिऱ्हाइकांना नव्या सलूनची सवय होईल. मग मी फुग्यांचीच करत बसते."

तो हसायला गेला आणि जखम झोंबली.

तेवढ्यात शटरखालून वाकून बेकरीवाला आत आला. रात्रपाळी संपवून घरी जाताना इथे दाढी करायची, हा त्याचा जुना नेम. भुवयांवर पीठ तसंच होतं.

"मनगट सुटलं वाटतं?" तो म्हणाला. मग त्याला खुर्चीत कोण बसलंय ते दिसलं, वहिनींच्या हातातली तुरटी दिसली आणि टॉवेलवरचा डाग दिसला. "हे कुणी केलं?"

सांगायला तिने तोंड उघडलं. न्हाव्याने आधी उत्तर दिलं.

"मीच. आरशात बघून करायला गेलो. खोड जात नाही."

त्याने टॉवेलखालून उजवा हात काढला आणि बेकरीवाल्यापुढे धरला. हा हात त्याने घराबाहेरच्या कुणाला दाखवला नव्हता. बोटं आपापल्या मर्जीने हलत होती.

"मनगट-बिनगट काही नाही. हा आता ऐकत नाही माझं. हिने हातातून वस्तरा काढून घेतला म्हणून एवढ्यावर भागलं. बाकीची दाढी हिची आहे. बघ हात फिरवून."

ती नवऱ्याकडे बघत राहिली. तो तिच्याकडे बघत नव्हता.

त्याच हाताने बेकरीवाल्याची पहिली दाढी केली होती, लग्नाच्या दिवशीचीही केली होती. तो वाकला आणि त्याने न्हाव्याच्या गळ्यावरून, हनुवटीवरून बोट फिरवलं. पाव भाजला गेलाय की नाही, ते बघतात तसं.

"वहिनी," तो म्हणाला, "माझी घाटी जरा पुढे आहे."

"दिसतेय," ती म्हणाली. "बसा."

न्हावी उठला आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन बसला. तिने ड्रॉवरमधून दुसरा वस्तरा काढला, पट्ट्यावर फिरवला, अंगठ्याच्या नखावर टेकवून धार पाहिली. बेकरीवाल्याच्या गालांना फेस लावला. एरवी फेस पुरता लागायच्या आत हा माणूस घोरू लागायचा. आज त्याने मान मागे टेकली, खुर्चीचे हात धरले आणि आरशात तिच्या बोटांवर नजर ठेवली.

तिने कानाजवळची कातडी ताणली. वस्तरा खाली आला, हनुवटीपाशी थांबला. पात्यावर फेस होता, पांढरा. तिने तो पुसला आणि गळ्याकडे वळली.

बेकरीवाल्याचे डोळे उघडेच होते.