वाढलेला एक मार्क

"कॉलेजात मला गणित अठ्ठ्याण्णव मिळालं," असं चाळिशीतल्या येसेनियाने सांगताच तिच्या आईने ग्वादालुपेच्या मेरीमाउलीपुढे मेणबत्ती लावली, शेजारी गोड पाव वाटले. ते मार्क नव्हतेच. नर्सिंगला जाण्याआधी शाळेचं गणित पुन्हा शिकवतात, त्या वर्गाचं नावच 'गणित अठ्ठ्याण्णव' होतं. पण येसेनियाला खरं सांगवेना. ती नापास झाली, पुन्हा तिथेच बसली.

"यंदाही अठ्ठ्याण्णव?" आईने दुसरी मेणबत्ती लावली.

"हो ना. एवढं सातत्य आपल्या खानदानात कुणाचं नाही."

अखेर पास होऊन वरच्या वर्गात गेली, तेव्हा ती धावतच घरी आली. "आई, नव्याण्णव!"

"एवढं घोकून एकच मार्क वाढला होय गं?"

"एकच," येसेनिया डोळे पुसत हसली. "पण हा माझा आहे. मेणबत्ती याच्यासाठी लाव."