पिठाचा अंगठा

गृहयुद्ध संपल्यावर ग्वाटेमालाच्या डोंगरातल्या शांततासभांना निम्म्याहून जास्त बायका होत्या, असं विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या इलियानाने ग्रंथात लिहिलं. त्यावर पदकही मिळवलं. पुरावा म्हणजे बायकांचे अंगठे उठलेले, पिवळट खपल्या धरलेले हजेरीचे कागद. ग्रंथ द्यायला ती त्यांतल्याच एका गावी गेली. सभागृहामागे काताला नावाची एक मावशी मक्याच्या भाकऱ्या थापत होती. "मावशी, सभांमध्ये तुम्ही काय बोलायचात हो?" "आम्हांला आत कोण घेतंय, मास्तरीणबाई? बोलायला बाप्ये, रांधायला आम्ही. कागद तेवढा चुलीपाशी यायचा. पिठाच्या हातानेच अंगठा ठोकायचा." "आणि आत घेतलं असतं तर?" "माझ्या नवऱ्याला कुठे पुरलंत, एवढंच त्या फौजवाल्यांना विचारलं असतं." हे छापायलाच हवं, म्हणून इलियानाने मुलाखतीच्या संमतीचा कागद काढला. ती वाचून दाखवणार, तेवढ्यात मावशीने पिठाचा अंगठा पुढे केला. "कुठे लावू?"