पहिली सुई

वामनराव पाटलांनी तोंड फिरवलं आणि तांब्यातलं पाणी उशीवर सांडलं.

"ठेव तथीच. मी घेतो मायं मी."

देवमननं तांब्या खाली ठेवला. पाटील स्वतःच्या हातानं पाणी घेऊ शकणार नाहीत, हे दोघांनाही कळत होतं. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, ओठांना भेगा पडल्या होत्या. त्यांचा धाकटा भाऊ किसन आठ दिवसांपूर्वी जेलच्या याच दवाखान्यात, शेजारच्या खाटेवर काविळीनं वारला. चांदूर बाजारकडच्या बांधाच्या भांडणात दोघा भावांना एकदमच सजा झाली होती. त्यानंतर पाटलांना त्यांच्याच जातीचा श्रावण पाणी पाजत होता. काल तोही काविळीनं आडवा झाला. आता खाटांमधून हिंडणारे उरले होते ते फक्त देवमन आणि त्याचे चार सोबती. आणि त्या पाचांच्या हातचं पाणी पाटलांना चालत नव्हतं.

पाचही जण नांदगाव खंडेश्वरकडचे. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली आणि पुढच्या उन्हाळ्यात गावच्या विहिरीवर पाणी भरलं. मारामारी झाली. डोकी यांची फुटली आणि सजाही यांनाच झाली. पण विहीर हातची गेली नव्हती. बायका अजून तिथं पाणी भरत होत्या, शिव्या खात का होईना. आषाढात हे पाच जण वऱ्हाडातल्या या लहानशा जेलात आले, आणि दिवाळीच्या सुमारास बराकीतला पहिला कैदी पिवळा पडला. मग एकामागून एक एकोणीस जण. त्यातले दोघे गेले. या पाचांना मात्र साधा तापही आला नाही. लोकांना तेवढं पुरे होतं. "याहीनंच आनली कावीळ," असं आधी बराक म्हणाली, मग वॉर्डर म्हणाले आणि शेवटी जेलर.

जेलरनं कागद तयारच ठेवला होता. या पाच जणांच्या अंगात रोग आहे, गावाला तसं कळवावं, असं त्यावर लिहिलं होतं. फक्त डॉक्टरची सही व्हायची होती. देवमनला सुटकेला आठ दिवस उरले होते, पण त्या कागदानं त्याची झोप उडवली होती. सरकारी शिक्क्यानिशी एवढं लिहून आलं, की गावानं विहीर कायमची बंद केलीच म्हणून समजा. मग कुठं दाद मागायची?

डॉक्टर अकोल्याहून आले. लढाईच्या काळात ते फौजेत होते. त्यांनी सगळे रोगी पाहिले आणि पाटलांच्या खाटेपाशी स्टुलावर बसले. मग त्यांनी कंपाउंडरला बोलावलं.

"नत्थुजी, आषाढात कॉलऱ्याची सुई टोचलीत ना सगळ्यांना? कशी टोचलीत, ते सांगा."

नत्थुजी हात चोळू लागला. "हे पाच बागकामाले जानार होते, साहेब. म्हनून याहीले पयले टोचलं अन् धाडून देल्लं. सुई सकाळीच उकळली होती. मंग रांगेतल्या एकानं कल्ला केला, का ही सुई नोको. त्याच्यामांगं सारे अडून बसले. मंग म्या डब्यातली दुसरी काढली. उकळाले टाइम नोयता. इस्पिरिटनं पुसली अन् टोचली चाळीस जनायले."

"ती दुसरी सुई आधी कोणाला टोचली होती?"

"होता एक कैदी. पिवळा पडला होता. तो सुटून गेला."

डॉक्टर उठून दारात उभ्या जेलरकडे वळले.

"फौजेत मी हेच पाहिलं होतं," ते त्याला म्हणाले. "त्या कैद्याच्या रक्तातला रोग सुईवर राहिला आणि सुईनं तो चाळीस जणांत फिरवला. तीन-साडेतीन महिन्यांनी डोळे पिवळे होतात. तसेच झाले. या पाचांचा काही दोष नाही. तो कागद फाडा. पहिलीच सुई सगळ्यांना चालली असती, तर मेलेले दोघे आज जिवंत असते."

जेलरनं कागदाची घडी केली आणि मग ती फाडली. विहीर वाचली होती. देवमनला रडावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी मनस्वी संतापही येत होता. त्या सकाळी दुखरा दंड चोळत तो बागेत निघून गेला होता. मागं काय झालं, हे त्याला आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. जिच्यात काहीच खोट नव्हती, ती सुई बाकीच्यांना का नको झाली, ते त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो माणूस तेवढा पाहायचा होता.

"कोण होता तो?" डॉक्टरांनी विचारलं.

नत्थुजीनं मान खाली घातली.

पाटलांचा हात खाटेवरून खाली आला आणि तांब्या चाचपू लागला. देवमननं सवयीनं तांब्या उचलला आणि आपली बोटं लागू नयेत असा बुडाशी धरून पुढं केला. पाटलांनी तांब्या धरला नाही. त्यांनी देवमनचं मनगट धरलं, तांब्या ओठांशी ओढला आणि घटाघटा पाणी प्यायले. हनुवटीवरून पाणी गळत होतं. मनगट त्यांनी सोडलं नाही.

"तो मी होतो, साहेब," ते म्हणाले. "याहीचा विटाळ होईन म्हनून. किसननं तं हात पुढं केला होता. म्याच मांगं ओढला."